लाईट परत आली की फ्यूज उडतो: व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा रेक्टिफायर बदलल्यानंतरची दुरुस्ती

घरी बांधलेला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर वर्षभर बिनतक्रार चालतो. मग कधीतरी त्याचा रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह, बदलला जातो. ५यू४जीबी मिळत नाही म्हणून त्याच सॉकेटमध्ये जीझेड ३४ बसतो, किंवा व्हॉल्व्ह काढून १एन४००७ डायोड लागतात. हात लावलाच आहे तर हम (स्पीकरमधली घरघर) कमी व्हावा म्हणून रेक्टिफायरनंतरचा पहिला कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरडवरून २२० केला जातो. त्यानंतर तक्रार सुरू होते ती अशी: लाईट गेली, चार-पाच सेकंदांत परत आली, रेक्टिफायरच्या काचेत निळा लखकन उजेड झाला आणि फ्यूज उडाला. नवा फ्यूज टाकला की सगळे सुरळीत. आठवड्याभरात पुन्हा तेच. डायोडवाल्यांचा फ्यूज टिकतो, पण रात्री उशिरा कपॅसिटरची टोपी फुगते किंवा आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लालसर दिसू लागते.

मराठवाड्यात हा दोष सारखा भेटतो, त्याला कारण आहे. शेतीच्या थ्री-फेजच्या पाळीत डीपीवर मोटारी चढल्या की घरातला व्होल्टेज दोनशेच्या खाली येतो. मोटारी बंद झाल्या की तोच २५० च्या वर जातो. त्यात वादळी दिवसांत लाईटची ये-जा चालूच. २३० व्होल्ट गृहीत धरून केलेला हिशेब इथे दिवसातला काही वेळच खरा असतो. रेक्टिफायर बदलताना त्याच्यासोबत आणखी तीन गोष्टी बदलतात: चार्जिंगचा धक्का, थंड अवस्थेतला एच.टी. (व्हॉल्व्हच्या प्लेटला लागणारा उंच डीसी व्होल्टेज) आणि चालू अवस्थेतला एच.टी. या तिन्हींचा हिशेब रात्रीच्या चढ्या व्होल्टेजवर केला नाही, तर कितीही चांगले पार्ट टाकले तरी दोष फिरून येतो.

पुढचे सगळे आकडे एका नेहमीच्या बांधणीचे आहेत: दोन चॅनेल, चार ६व्ही६जीटी पुश-पुल, एच.टी. सेकंडरी ३००-०-३०० व्होल्ट, एकूण भार १५० मिलीअँपिअर, पहिला कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरड, मग ५ हेन्रीचा चोक (डीसीमधली लहर अडवणारी कॉइल) आणि त्यानंतर १०० मायक्रोफॅरड. तुमचा ट्रान्सफॉर्मर वेगळा असेल तर आकडे वेगळे येतील, रीत तीच.

हात घालण्यापूर्वी

या सप्लायमध्ये ५०० व्होल्ट डीसी उभा राहू शकतो आणि तो जीव घेतो. प्लग काढूनच चेसिस उलटी करा, पहिल्या कपॅसिटरवर मीटर लावा, आकडा ३० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय कुठेही हात नको. ब्लीडर रेझिस्टर (बंद सेटमधले कपॅसिटर रिकामे करणारा) नसेल तर सगळ्यात आधी तो बसवा. चालू अवस्थेत मोजायचे असेल तर काळी क्लिप आधी चेसिसला लावून ठेवा आणि एकाच हाताने मोजा, दुसरा हात मागे. खेड्यातल्या बऱ्याच घरांत सॉकेटच्या तिसऱ्या भोकात अर्थिंग आलेलेच नसते. चेसिसला खरे अर्थिंग मिळते की नाही, हे फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा दिवा लावून बघा. दिवा पूर्ण पेटला पाहिजे. टेस्टरच्या मिणमिणत्या उजेडावर भरवसा ठेवू नका.

फ्यूज नेमका कधी उडतो

निदानाचा निम्मा भाग वेळेत आहे, म्हणून आधी हे ठरवा.

थंड सेट चालू करताक्षणी उडत असेल तर डायोड शॉर्ट आहे का ते मीटरच्या डायोड रेंजवर बघा. डायोड ठीक असतील आणि ट्रान्सफॉर्मर टोरॉइड (गोल कड्यासारख्या कोअरचा) असेल, तर कोअरचा आणि कपॅसिटरचा सुरुवातीचा धक्का मिळून तो फ्यूज उडवत असतो. फास्ट फ्यूज असेल तर त्याजागी १ अँपिअरचा स्लो-ब्लो टाका. या सेटला पूर्ण भारावर साधारण अर्धा अँपिअर लागतो, त्यामुळे १ अँपिअर पुरेसा आहे. "दोनचा टाकून बघू" हा मार्ग ट्रान्सफॉर्मर जाळण्याकडे जातो.

चालू केल्यावर पंधरा-वीस सेकंदांनी उडत असेल तर रेक्टिफायरला दोष देऊ नका. त्या वेळी आउटपुट व्हॉल्व्ह तापून प्रवाह ओढू लागतात. बायस (व्हॉल्व्हचा स्थिर प्रवाह ठरवणारा व्होल्टेज), गळका कपलिंग कपॅसिटर किंवा खराब ६व्ही६ शोधा.

गाणे चालू असताना मध्येच उजेड होऊन उडत असेल तर रेक्टिफायर व्हॉल्व्ह संपला आहे किंवा पहिला कपॅसिटर गळतो आहे. रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून ठेवा आणि सेट सिरीज बोर्डवर (मेनच्या वाटेत दिवा असलेल्या बोर्डावर) साठ वॅटच्या पिवळ्या दिव्यातून चालू करा. दिवा आता भडक पेटला तर ट्रान्सफॉर्मर किंवा हीटरचीच लाइन शॉर्ट आहे. दिवा मंद राहिला तर दोष रेक्टिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे.

आणि लाईट परत येतानाच उडत असेल, तर तो आपला मुख्य विषय.

गरम कॅथोड, रिकामा कपॅसिटर

लाईट जाते तेव्हा आउटपुट व्हॉल्व्ह अजून गरमच असतात आणि ते १५० मिलीअँपिअर ओढत राहतात. त्या ओढीने फिल्टरचे कपॅसिटर एका सेकंदाच्या आत जवळजवळ रिकामे होतात. पण रेक्टिफायरचा कॅथोड इतक्या लवकर थंड होत नाही. जीझेड ३४ चा कॅथोड अप्रत्यक्ष तापणारा, जाड नळीचा, म्हणून तो बराच वेळ इलेक्ट्रॉन सोडायला तयार असतो. ५यू४ चा फिलामेंट थेट तापतो आणि लवकर निवतो. चार सेकंदांनी लाईट आली की एका बाजूला पूर्ण ३०० व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला रिकामा कपॅसिटर, म्हणजे शॉर्टच, आणि मध्ये तयार बसलेला गरम व्हॉल्व्ह. थंड सेट चालू करताना हे घडत नाही, कारण कॅथोड हळूहळू तापतो आणि कपॅसिटर हळूहळू भरतो. म्हणूनच "बटणाने चालू केला तर काही होत नाही, लाईट आली तरच होते" अशी तक्रार ऐकू येते.

जुना ५यू४जीबी हा धक्का सोसत होता, कारण त्याचा स्वतःचा अंतर्गत रेझिस्टन्स मोठा आहे. २२५ मिलीअँपिअरला त्याच्यात चाळीसच्या वर व्होल्ट पडतात. जीझेड ३४ मध्ये तेवढ्याच प्रवाहाला जेमतेम १७ व्होल्ट पडतात. हा गुण म्हणून विकला जातो आणि तो गुण आहेही, पण त्याच्याबरोबर धक्का अडवणारा रेझिस्टन्सही गेला. पहिला कपॅसिटर २२० केल्यावर तर भरायची ऊर्जा ४.२ ज्यूलवरून जवळपास २० ज्यूल होते. हे सगळे एका व्हॉल्व्हच्या कॅथोडवरून काही क्षणांत जायचे असते. कॅथोडच्या लेपाचा कण उडाला की आत आर्क होतो, आणि एकदा आर्क झालेला व्हॉल्व्ह पुढच्या वेळी आणखी सहज आर्क करतो.

प्रायमरीत एनटीसी थर्मिस्टर घालून हे थांबेल असे अनेकांना वाटते. थंड सेटला तो उपयोगी पडतो, या दोषाला नाही. लाईट चार सेकंदांत परत येते तेव्हा थर्मिस्टर गरमच असतो, त्याचा रेझिस्टन्स खाली असतो आणि तो काहीच अडवत नाही.

स्टँडबाय स्विचचेही तेच. गिटार ॲम्प्लिफायर बघून तो बसवला जातो, पण हीटर तापवून मग एच.टी. जोडणे म्हणजे दर वेळी मुद्दाम हाच धक्का देणे. व्हॉल्व्ह रेक्टिफायर असलेल्या घरगुती सेटमधून तो काढून टाका.

आर-टी मोजा, मगच व्हॉल्व्ह निवडा

रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या तक्त्यात प्रत्येक प्लेटच्या वाटेत किमान किती रेझिस्टन्स हवा ते दिलेले असते. त्याला आर-टी म्हणतात. जीझेड ३४ साठी ३००-०-३०० वर ७५ ओहम, ३५०-०-३५० वर १००, ४००-०-४०० वर १२५. ट्रान्सफॉर्मर स्वतः किती देतो ते असे काढायचे: अर्ध्या सेकंडरीच्या आणि प्रायमरीच्या व्होल्टचे गुणोत्तर काढा, त्याचा वर्ग करा, त्याला प्रायमरीच्या रेझिस्टन्सने गुणा आणि त्यात अर्ध्या सेकंडरीचा रेझिस्टन्स मिळवा.

आपल्या उदाहरणात गुणोत्तर ३०० भागिले २३०, म्हणजे १.३, आणि वर्ग १.७. पत्र्याच्या कोअरचा ट्रान्सफॉर्मर असेल, अर्धी सेकंडरी ८० ओहम आणि प्रायमरी ८ ओहम, तर आर-टी सुमारे ९४ ओहम. टोरॉइड असेल, ३५ आणि ४ ओहम, तर फक्त ४२. दोघांवरही "३००-०-३००, १५० मिलीअँपिअर" असेच लिहिलेले असते.

मोजताना दोन गोष्टी सांभाळा. प्रायमरी चार ओहमची असेल तर मीटरच्या वायरींचा अर्धा ओहमही मोठी चूक करतो, म्हणून आधी दोन्ही टोके एकमेकांना लावून तो आकडा वजा करा. दुसरे, एकावर एक गुंडाळलेल्या वाइंडिंगमध्ये बाहेरच्या अर्ध्याची तार लांब पडते, त्यामुळे दोन अर्ध्यांचे रेझिस्टन्स सारखे नसतात. हिशेब कमी असलेल्या अर्ध्यावर करा.

आता चढा व्होल्टेज. मेन २५५ असेल आणि ट्रान्सफॉर्मर भाराविना असताना सेकंडरी आठ टक्के जास्त देत असेल, तर ३०० चे ३५९ व्होल्ट होतात. म्हणजे लागणारा आर-टी ७५ नाही, शंभराच्या थोडा वर. पत्र्याच्या ट्रान्सफॉर्मरला प्रत्येक प्लेटच्या वायरीत २२ ओहम ५ वॅट पुरेल. टोरॉइडला प्रत्येकी ६८ ओहम १० वॅट लागेल. त्यात प्रत्यक्षात दोन वॅटच्या आसपास उष्णता निघते, पण मे महिन्यात परभणी-नांदेडकडे खोलीतच बेचाळीस अंश असतात आणि चेसिसच्या आत त्याहून कितीतरी जास्त, म्हणून दहा वॅटचा सिमेंट रेझिस्टर घ्या आणि कपॅसिटरपासून लांब बसवा. या रेझिस्टरमुळे एच.टी. साध्या गुणाकारापेक्षा जास्त उतरतो. ६८ ओहम आणि १५० मिलीअँपिअर म्हणजे दहा व्होल्ट असा हिशेब चुकतो, कारण प्रवाह लहान लहान झटक्यांत येतो. वीस ते तीस व्होल्ट धरा.

त्याच वायरीत, रेझिस्टरच्या पुढे, प्रत्येक प्लेटला दोन १एन४००७ सिरीजमध्ये टाका, पांढरी रेघ व्हॉल्व्हच्या प्लेटकडे. व्हॉल्व्ह आत शॉर्ट झाला तरी एसी कपॅसिटरपर्यंत पोहोचत नाही, डायोड काम चालू ठेवतात आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. व्हॉल्व्हचा आवाज, त्याचा सावकाश चढणारा व्होल्टेज, काहीही बदलत नाही. चार डायोडांची किंमत बघता हे न करण्याला कारण नाही.

सॉकेटमध्ये एक जागा हमखास चुकते. ५यू४ आणि जीझेड ३४ दोघांच्या प्लेट ४ आणि ६ वर, हीटर २ आणि ८ वर. पण जीझेड ३४ चा कॅथोड आतून ८ ला जोडलेला आहे. ५यू४ च्या बांधणीत एच.टी. पिन २ वरून घेतलेला असला तरी चालतो. तीच वायर तशीच ठेवून जीझेड ३४ लावला, तर अख्ख्या सेटचा प्रवाह हीटर आणि ५ व्होल्टच्या वाइंडिंगमधून फिरून जातो. एच.टी. ची वायर पिन ८ वर आणा. उलट दिशेने बदल करणार असाल तर ५ व्होल्टच्या वाइंडिंगची ताकद बघा: जीझेड ३४ ला १.९ अँपिअर लागतात, ५यू४जीबी ला ३. ५वाय३जीटी घरात पडलेला असतो म्हणून लावू नका, त्याची मर्यादा १२५ मिलीअँपिअर आहे.

पहिला कपॅसिटर परत लहान करा

५यू४जीबी साठी ४० मायक्रोफॅरडच्या आसपास, जीझेड ३४ साठी जास्तीत जास्त ६०. त्यापुढे जाण्यात काही मिळतही नाही. ४७ वर साधारण २४ व्होल्टचा रिपल (डीसीवर उरलेली लहर) उरतो, तो बघून माणूस घाबरतो. पण पुढचा ५ हेन्रीचा चोक आणि १०० मायक्रोफॅरड मिळून १०० हर्ट्झला तो जवळपास दोनशेपट कमी करतात, म्हणजे एक-दशांश व्होल्टच्या आसपास. हम अजून ऐकू येत असेल तर मोठा कपॅसिटर चोकच्या पुढे टाका. तिथे २२० टाकला तरी रेक्टिफायरला धक्का जाणवत नाही, कारण चोक मध्ये आहे. चोक नसलेल्या, रेझिस्टर फिल्टरच्या सेटमध्येही मोठा कपॅसिटर दुसऱ्या जागीच हवा.

सिलिकॉन लावायचेच असेल तर

व्हॉल्व्ह महाग, मागवायला वेळ, आणि आला तरी नीट निघेल याची खात्री नाही. डायोड लावण्यात गैर काही नाही. गैर आहे ते फक्त व्हॉल्व्ह काढून तिथे डायोड ठेवणे आणि बाकी काहीच न बदलणे.

उलटा व्होल्टेज आधी बघू. सेंटर-टॅपच्या जोडणीत बंद असलेल्या डायोडवर सेकंडरीच्या दोन्ही अर्ध्यांचे शिखर येते. ३५९ व्होल्टचे दुप्पट शिखर म्हणजे १०१६ व्होल्ट. १एन४००७ ची मर्यादा १०००. एकेक डायोड लावलेला सेट दिवसा चालतो आणि रात्री मोटारी बंद झाल्यावर जातो. दोन्ही बाजूंना दोन-दोन सिरीजमध्ये, एकाच पट्टीतले घ्या. यूएफ४००७ मिळाले तर आणखी बरे, ते ७५ नॅनोसेकंदांत बंद होतात. साध्या १एन४००७ वर स्पीकरमधून भुरभुर असा तीक्ष्ण आवाज आला, तर प्रत्येक अर्ध्या सेकंडरीवर १० नॅनोफॅरड १६०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर आणि २२० ओहम सिरीजमध्ये जोडा.

मग थंड अवस्थेतला एच.टी. डायोड क्षणात वाहू लागतात, ६व्ही६ ला तापायला दहा-पंधरा सेकंद लागतात. तेवढा वेळ भार शून्य आणि कपॅसिटरवर पूर्ण शिखर: २५५ मेनवर ५०८ व्होल्ट. ४५० व्होल्टचा कपॅसिटर हे रोज सहन करून काही महिन्यांत फुगतो. थेट तापणाऱ्या ५यू४ लाही ही अडचण आहे, तोही तीन-चार सेकंदांत तयार होतो आणि प्रवाहच नसेल तर त्याच्यात व्होल्टही पडत नाही. फक्त जीझेड ३४ आउटपुट व्हॉल्व्हच्या बरोबरीने सावकाश येतो.

उपाय सोपा आहे. पहिल्या जागी १०० मायक्रोफॅरड ३५० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये, म्हणजे ५० मायक्रोफॅरड आणि ७०० व्होल्ट. चोकनंतर २२० मायक्रोफॅरड ३५० व्होल्टचे दोन, म्हणजे ११०. प्रत्येक कपॅसिटरवर दीडशे किलोओहम २ वॅटचा रेझिस्टर, त्याशिवाय दोघांत व्होल्टेज सारखा वाटला जात नाही. हेच चार रेझिस्टर ब्लीडरचे काम करतात आणि प्लग काढल्यावर साधारण सत्तर सेकंदांत ३० व्होल्टपर्यंत आणतात. दोन मिनिटे थांबा आणि तरीही मोजा. कपॅसिटर १०५ अंशांचेच घ्या. सिरीजमधल्या वरच्या कपॅसिटरचा डबा चेसिसला टेकू देऊ नका, त्याच्यावर निम्मा एच.टी. असतो.

चालू अवस्थेतला एच.टी. हे तिसरे. पत्र्याच्या ट्रान्सफॉर्मरवर ५यू४जीबी सुमारे ३२५ व्होल्ट देतो, जीझेड ३४ सुमारे ३५० आणि सिलिकॉन सुमारे ३७५. टोरॉइडवर सिलिकॉन ३९० च्या पुढे जातो. ६व्ही६जीटी च्या प्लेटची मर्यादा ३५० आणि स्क्रीनची (आतल्या दुसऱ्या जाळीची) ३१५ आहे. चोकमधले आणि कॅथोड रेझिस्टरमधले व्होल्ट वजा केले तरी स्क्रीनवर ३४० उरतात. ज्या कॅथोड रेझिस्टरवर व्हॉल्व्ह १० वॅट खात होता, त्याच रेझिस्टरवर तो आता १४ च्या काठावर जातो, आणि तेही मेन २३० असताना. लाल प्लेटचे कारण हेच. बायस बदलून प्रवाह कमी करता येईल, पण स्क्रीनचा व्होल्टेज तसाच राहतो.

म्हणून जास्तीचे ५० व्होल्ट काढून टाका. दोन मार्ग आहेत. एक, प्रत्येक बाजूला १५० ओहम १० वॅट. याने ५यू४ च्या जवळ जाणारा आकडा आणि तसाच थोडा लवचिकपणा मिळतो, धक्काही अडतो, पण थंड अवस्थेतले ५०८ तसेच राहतात. दुसरा, सेंटर-टॅप आणि जमीन यांच्यामध्ये १० व्होल्ट ५ वॅटचे पाच झेनर (ठराविक व्होल्टेज पाडणारे डायोड) सिरीजमध्ये, कॅथोडची रेघ जमिनीकडे. प्रत्येकात दीड वॅट, म्हणून टॅगस्ट्रिपवर लांब पाय ठेवून बसवा. झेनर थंड अवस्थेतलेही ५० व्होल्ट काढतात, म्हणून जुने कपॅसिटर अजून बदललेले नसतील तर ते थोडेतरी सुटतात. मात्र धक्का अडवायला प्रत्येक बाजूला ४७ ओहम १० वॅट तरी ठेवा. दोन्हींतले एकच निवडायचे असेल तर पत्र्याच्या ट्रान्सफॉर्मरवर १५० ओहमचा मार्ग घ्यावा. बिघडण्यासारखे त्यात काही नाही आणि सिरीज कपॅसिटर बसवल्यावर ५०८ ची चिंताही उरत नाही. सेंटर-टॅपच्या वायरीत ५०० मिलीअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज दोन्ही प्रकारांत हवा.

सुटलेल्या ५ व्होल्टच्या वाइंडिंगवर दिवा लावण्याचा मोह होतो. तिला एच.टी. ची वायर जोडलेली होती. ती पूर्ण सोडवून, टोके वेगवेगळी टेप करून ठेवा.

लाईट परत आली तरी सेट बंदच राहू द्या

वरचे सगळे केले तरी लाईटच्या लपंडावात सेट आपोआप चालू होऊ नये, हे उत्तम. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर हेच करतो: लाईट गेली की कॉइल सुटते आणि हिरवे बटण दाबेपर्यंत मोटार चालू होत नाही. २३० व्होल्ट एसी कॉइलचा, दोन संपर्कांचा आठ पिनी रिले घ्या. फेज, मग फ्यूज, मग लाल बटण जे दाबले की तुटते, मग हिरवे बटण, मग रिलेची कॉइल आणि न्यूट्रल. रिलेचा एक संपर्क हिरव्या बटणाला समांतर, दुसऱ्या संपर्कातून ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी. लाईट परत आल्यावर हिरवे बटण दाबण्यापूर्वी दोन मिनिटे जाऊ द्या.

काहीच बांधायचे नसेल तर फ्रिजसाठी मिळतो तो टाइम डिले आणि हाय-कटवाला स्टॅबिलायझर घ्या. त्याचा तीन मिनिटांचा विलंब कॉम्प्रेसरसाठी असतो, पण रेक्टिफायरचा कॅथोड निवायला तो पुरून उरतो, आणि रात्रीचा २५५ ही खाली येतो. हे हीटरसाठीही गरजेचे आहे, कारण २५५ वर ६.३ व्होल्टचा हीटर ७ व्होल्टवर चालत असतो. नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेणार असाल तर वाइंडिंगवाल्याला प्रायमरीवर २३० आणि २५० असे दोन टॅप काढायला सांगा. मोटारी भरणारा कारागीर ते सहज करतो. प्रायमरी आणि एच.टी. यांच्यामध्ये, तसेच एच.टी. च्या प्रत्येक थरानंतर इन्सुलेशनचा कागद घालायला मात्र बजावून सांगा, मोटारीच्या कामात थरांची ही सवय नसते.

प्रायमरीवर, फ्यूजच्या पुढे, १४डी५११के हा ३२० व्होल्ट एसीचा एमओव्ही (व्होल्टेज फार चढला की वाहू लागणारा रक्षक पार्ट) लावा. २७५ व्होल्टचा नेहमीचा एमओव्ही आपल्याकडच्या रात्रीच्या व्होल्टेजच्या फार जवळ बसतो. डीपीवर न्यूट्रल तुटून घरात चारशेच्या आसपास व्होल्ट आले तर तो शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. वळवाच्या विजांना मात्र तो पुरत नाही, आभाळ गडगडू लागले की प्लग काढा.

इन्व्हर्टरवर एच.टी. कमी दिसला तर

लाईट गेल्यावर सेट घरच्या इन्व्हर्टरवर चालत असेल आणि एच.टी. अचानक तीसेक टक्के कमी, आवाज चिरका, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, असे दिसले तर रेक्टिफायर उघडू नका. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या लाटेचे शिखर तिच्या आरएमएस इतकेच असते, साइन वेव्हचे १.४१ पट. कपॅसिटर शिखरावर भरतात, म्हणून एच.टी. उतरतो. हीटर आरएमएसवर तापतात, म्हणून व्हॉल्व्ह मात्र नेहमीसारखे उजळतात. सेट त्यावर फार वेळ चालवू नका. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ही अडचण नाही.

तपासणी

काम झाल्यावर आउटपुट व्हॉल्व्ह काढून, शंभर वॅटच्या सिरीज दिव्यातून सेट चालू करा. दिवा क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे. पहिल्या जोडीतल्या दोन्ही कपॅसिटरवरचे व्होल्ट एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत. फरक जास्त असेल तर कमी व्होल्टवाला कपॅसिटर गळतो आहे. मग दिवा काढा, थेट मेनवर भाराविना एच.टी. मोजा आणि त्याच क्षणी मेनही मोजून दोन्ही आकडे चेसिसच्या आत मार्करने लिहा. आउटपुट व्हॉल्व्ह बसवून पंधरा मिनिटांनी एच.टी., स्क्रीन आणि प्रत्येक कॅथोडचे व्होल्ट घ्या. अर्ध्या तासाने प्लग काढून, दोन मिनिटे थांबून, ट्रान्सफॉर्मरला हात लावा. तळहात ठेवता येत नसेल तर एक बाजू वाहत नाही आहे का ते बघा. एका बाजूचा डायोड किंवा प्लेट तुटलेली असली की रिपल १०० ऐवजी ५० हर्ट्झचा होतो आणि कोअर डीसीने भरून तापते.

हेच मोजमाप रात्री अकरानंतर, डीपीवरचा भार उतरल्यावर, पुन्हा एकदा घ्या. स्क्रीन ३१५ च्या वर गेला तर बाजूंचे रेझिस्टर १५० वरून १८० किंवा २२० ओहम करा आणि पुन्हा मोजा.